खुंटीवरचा खाकी शर्ट

एका माणसाचा तीन दिवस न धुतलेला खाकी शर्ट मी त्याला न विचारता घातला होता आणि तो घालून एका म्हाताऱ्या अस्वलिणीला फसवलं होतं. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी संस्कारी घरातली. तो शर्ट मी घरी नेला, सुवासिक पावडर घालून धुतला, वर दोन टोपणं जंतुनाशक टाकलं, कडक इस्त्री केली आणि गुपचूप पुन्हा त्याच खुंटीवर टांगला. माझ्या सगळ्या नोकरीत मी जे काही मूर्खपण केलं त्यात याचा पहिला नंबर. दुसऱ्या नंबरासाठी बरीच चुरस आहे.

हे आत्ता लिहायला बसले त्याला कारण माझी नात. ती व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला जंगली प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. एका सुटका-केंद्रात सहा महिने शिकायला जाण्यासाठी तिनं अर्ज भरायला घेतलाय. त्यात एक प्रश्न आहे, हे काम तुम्हाला का करायचं आहे. परवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून तिनं मला विचारलं, "आजी, तुझी एक स्टोरी दे ना. कुठला ॲनिमल तुझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम करायचा?"

"एकही नाही."

"असं कसं? इतकी वर्षं होतीस तू तिथे."

"इतकी वर्षं होते म्हणूनच सांगतेय."

तिला वाटलं आजीची नेहमीची खोडी. मग तिनं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, प्राणी माझ्याकडे आपोआप येतात. मला हसू आवरेना आणि ती रुसली. तिला कसं सांगू, की हेच वाक्य मी स्वतः मुलाखतीत म्हणाले होते, तेही मान जरा तिरकी करून.

नवऱ्याची बदली हूटगळ्ळीच्या कारखान्यात झाली म्हणून आम्ही म्हैसूरला आलो. तेव्हा आमच्या घरामागे नाचणीचं शेत होतं, आता तिथे चार इमारती आणि एक जिम आहे. त्याआधी सोळा वर्षं मी साताऱ्याकडच्या खेड्यांतून गुरांची डॉक्टर होते. चाळिशी उलटलेली, मोटरसायकल चालवणारी, म्हशीच्या पोटातलं आडवं रेडकू फिरवून बाहेर काढणारी बाई. गावोगावी चहाला बोलावणं असायचं. त्यामुळे डोकं जरा वरच चढलेलं होतं. शहराबाहेर सुटका करून आणलेल्या प्राण्यांचं एक केंद्र होतं, तिथे डॉक्टरची जागा निघाली. मला वाटलं, गाय काय आणि गवा काय, शिंगांचाच फरक.

फरक असा, की गाय खुंट्याला बांधलेली असते. तिला डॉक्टरचा राग आला तरी ती जाऊन जाऊन जाणार कुठे. इथले प्राणी राग आला की मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायचे, आणि तो राग कित्येक महिने टिकायचा. मी पहिल्या महिन्यात एका बिबट्याला लांबून भुलीची सुई मारली, तर पुढे वर्षभर माझ्या चपलांचा आवाज आला की तो गुरगुरायचा. मी चपला बदलल्या. त्यानं आठवड्यात नव्या चपलाही ओळखल्या.

लोकांना वाटतं अशी डॉक्टर दिवसभर वाघाच्या पिल्लांना बाटलीनं दूध पाजत असेल. मी दिवसभर शेण बघायची. कुणाचं पातळ, कुणाचं घट्ट, कुणाच्यात जंत. उरलेल्या वेळात आहाराचे तक्ते, नव्या आलेल्या जनावरांना वेगळं ठेवणं, मेलेल्या जनावरांची चिरफाड आणि वनखात्याला अहवाल. जिवंत जनावराला हात लावायची वेळ महिन्यातून एकदोनदा, तीही ते बेशुद्ध असताना. उसात सापडलेला बिबट्या यायचा, विहिरीत पडलेलं हरीण यायचं. बरे झाले की सोडून द्यायचे, आणि ते मागे वळूनही बघायचे नाहीत. मागे वळून बघितलं नाही तर आपलं काम नीट झालं, असं केंद्रातले मोठे डॉक्टर म्हणायचे. मला ते तेव्हा रूक्ष वाटायचं.

तर ती अस्वलीण. रस्त्यावर नाचवणाऱ्यांकडून सोडवून आणलेली. नाकाला दोरीचं जुनं भोक, पुढचे दात पूर्वीच कुणीतरी पाडलेले. माणूस दिसला की पाय उचलून डोलायला लागायची, भीतीनं. तिची काळजी घेणारा कीपर म्हैसूरचाच, येलवालला राहणारा. कधीकाळी इकडे येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरातला, पण चार पिढ्यांत त्यांच्या मराठीत अर्धी कन्नड मिसळलेली. पन्नाशीचा होता. मी त्याला मामा म्हणायची, तो मला डॉक्टरम्मा. त्याची मराठी ऐकून मी घरी येऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवायची, हेही इथे कबूल करून टाकते.

मामाला त्या अस्वलिणीचं डोलणं थांबवायला चार वर्षं लागली होती. रोज एकाच वेळी, त्याच खाकी शर्टात, "बा बा" म्हणत तो गजांपाशी जायचा. कन्नडमधलं बा म्हणजे ये. ती यायची, गजांना पाठ टेकवून बसायची, आणि तो खराट्याच्या दांड्यानं तिची पाठ खाजवायचा. मग ती स्वतःचा पंजा चोखत गुणगुणायची. अस्वलं खूश असली की तसं करतात, कुठेतरी भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो. मग तो नाचणीच्या मुद्द्यात मध घालून हातानं भरवायचा. मुद्दे म्हणजे इकडचा नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खायची नाही.

एकदा तिचा जबडा सुजला. दाढेचं मूळ कुजलं असणार. दाढ काढायची तर तिला बेशुद्ध करायला हवं, आणि मला बघितलं की ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. मामा म्हणाला, "आठ दिवस द्या. मी तिला गजापाशी मांडी टेकवून बसायला शिकवतो. मग सुई टोचली तरी ती हलणार नाही. तिला कळायला पायजे ना, काय करतायत ते."

"अस्वल काय शिकणार मामा सुई टोचून घ्यायला?" मी म्हणाले. सोळा वर्षांचा अनुभव बोलत होता, म्हशींचा.

"शिकतंय. तुम्ही पण शिकलासा की कन्नड. स्वल्प स्वल्प."

आठ दिवस फार होतात, असं मोठ्या डॉक्टरांनाही वाटलं. सूज वाढत होती. त्यांनी चार दिवस दिले. त्यातच मामाच्या बहिणीकडे, बैलकुप्प्याच्या पलीकडे, नातवाचं बारसं निघालं आणि तो दोन दिवसांची रजा घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "मी येईपर्यंत हात लावू नका."

मी हात लावला नाही. शर्ट लावला.

कीपर लोकांच्या खोलीत खुंटीवर त्याचा शर्ट लटकत होता. मला वाटलं, ही वासावर चालते ना? मग वास देऊ. मी तो शर्ट माझ्या कपड्यांवरून चढवला, त्याची टोपी घातली, हातात खराटा घेतला आणि "बा बा" करत गेले. मोठे डॉक्टर आणि दोघे मदतनीस कोपऱ्याआड उभे. अस्वलांची नजर अधू असते. ती आली. गजांना पाठ टेकवून बसली. मी पाठ खाजवली. ती पंजा चोखायला लागली, गुणगुणायला लागली, आणि मी दुसऱ्या हातातल्या काठीच्या टोकाची सुई तिच्या मांडीत घुसवली.

तिनं वळून बघितलं. मारायला आली नाही, ओरडली नाही. फक्त बघितलं, आणि मग आत गेली, आणि आत जाऊन झोपली.

दाढ निघाली. चांगली दोन बोटं लांब, पू भरलेली. मोठे डॉक्टर म्हणाले, "आली कशी हो ही तुमच्याकडे?" मी म्हणाले, "प्राणी येतात माझ्याकडे." त्या शहाण्या बाईला आता कुठे गाठता आलं असतं तर मी तिच्या कानफटात दोन दिल्या असत्या. पण ती त्या दिवशी फार खुशीत होती. शर्टावर अस्वलाची लाळ लागली होती. असा घाणेरडा कसा परत ठेवायचा, म्हणून तिनं तो घरी नेला. पुढचं वर सांगितलंच आहे.

तिसऱ्या दिवशी मामा आला, खुंटीवरचा शर्ट घातला, इस्त्री बघून जरा थबकला, आणि मुद्दे घेऊन गेला. त्या मुद्द्यात आता मधाबरोबर औषधाच्या गोळ्या होत्या. दहा दिवस रोज दोनदा पोटात जायला हव्या होत्या, नाहीतर जबड्यातलं विष पसरणार. मामानं "बा बा" म्हटलं. अस्वलीण उठली, दहा पावलं चालत आली, नाक वर करून वास घेतला, आणि गजांवर धडकली. सगळी गजांची भिंत हादरली. मग ती मागे सरली आणि पाय उचलून डोलायला लागली. डोलणं सुटल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं.

दुपारी मामा माझ्याकडे आला. गेटासमोरच्या टपरीवर आम्ही रोज बाय-टू घ्यायचो, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. पेला हातात धरून तो म्हणाला, "मी दोन दिवस गेलो न्हवं, म्हणून रुसली. बारशाला जायलाच नको होतं. बहीण म्हणाली ये, म्हणून गेलो सुम्ने, उगाच."

हे ऐकून मी काय केलं? मी म्हणाले, "होईल ठीक." आणि कॉफी प्यायले.

संध्याकाळीही तेच. रात्रीसाठी ती आतल्या खोलीत यायला तयार नाही, मुद्द्याला तोंड लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मोठे डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघू. औषध पोटात गेलं नाही तर पुन्हा भूल देऊन सुईनं द्यावं लागेल, आणि रोज रोज भूल तिचं हृदय सोसायचं नाही." तो बुधवार होता. मामा गजांसमोर उकिडवा बसून तिला समजावत होता, मराठीत, कन्नडमध्ये, पुन्हा मराठीत. बहिणीच्या नातवाचं वजन किती, नाक कसं, हेसुद्धा सांगून झालं. त्याला वाटत होतं की तिला माफी मागितलेली कळेल.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मामा, तुमची चूक नाही. मी तुमचा शर्ट घातला होता."

"कुठला शर्ट?"

"हाच. हा घालून मी तिला सुई टोचली. पाठ खाजवता खाजवता."

त्यानं बाहीवरची इस्त्रीची घडी बोटानं चाचपली. मग विचारलं, "आणि धुतला?"

"धुतला."

"कशानं?"

मी पावडरचं नाव सांगितलं, जंतुनाशकाचंही सांगितलं. त्यानं शर्ट अंगातून काढला, नाकाला लावला, आणि बनियनवर तसाच बसून राहिला. "दवाखान्याचा वास येतोय," म्हणाला. "तुमच्या कोटाला येतोय तसला. ती मला तुम्ही समजली. नाहीतर तुम्हाला मी समजली. तिच्यासाठी आता आपण एकच माणूस." मग हळूच म्हणाला, "चार वर्षं, डॉक्टरम्मा."

मी म्हणाले, "मला काय करता येईल?"

"आता बेडा. नको काही." तो उठून गेला. त्या दिवशी टपरीवर त्यानं स्वतःसाठी अख्खी कॉफी मागवली. म्हैसुरात राहणाऱ्यालाच कळेल यात काय झालं ते. मी माझी अख्खी घेतली आणि ती मला संपवता आली नाही.

गुरुवारी सकाळी तो स्वतःच माझ्या खोलीच्या दारात उभा. अंगात दुसरा, जुना शर्ट, बाहीला उसवलेला. म्हणाला, "कोट घाला. सुईची काठी घ्या. चला."

"पुन्हा सुई?"

"सुई नाही. तिला दाखवायचंय, आपण दोन माणसं हाय म्हणून."

त्याची योजना अशी. मी पांढऱ्या कोटात, हातात काठी, गजांच्या डाव्या टोकाला उभं राहायचं. तो उजव्या टोकाला मुद्दे घेऊन. अस्वलिणीनं आधी मला बघावं, हुंगावं, माझ्यावर राग काढावा. मग त्यानं माझ्याकडे चालत यायचं, "होग" म्हणायचं, म्हणजे जा, आणि खराटा उगारायचा. मग मी पळायचं.

"चालत गेले तर चालणार नाही का?"

"चालत गेलात तर तिला वाटेल तुम्ही सुम्ने फिरायला आलासा. पळायचं."

मी पळाले. पांढऱ्या कोटातली, पदवीधर, सोळा वर्षांच्या अनुभवाची बाई एका कीपरच्या खराट्यापुढे पळत होती आणि अस्वलीण मागून हुफ हुफ करत होती. वळण घेऊन परत यायचं, पुन्हा उभं राहायचं, पुन्हा "होग". सकाळी सहा वेळा, संध्याकाळी सहा वेळा. बातमी पसरली. दुपारनंतर झाडणाऱ्या बायका, वाहनचालक, तिकडच्या माकडांच्या पिंजऱ्याचा कीपर, सगळे कट्ट्यावर रांगेत बसायला लागले. एक बाई दुसरीला कन्नडमध्ये म्हणाली, "कालच्यापेक्षा बरं पळते." त्यात काल मी पळालेच नव्हते. मोठे डॉक्टर खिडकीतून बघत होते. त्यांनी एक शब्द विचारला नाही, आणि हे त्यांचे माझ्यावर आयुष्यभराचे उपकार आहेत.

पहिल्या दिवशी ती आम्हा दोघांवरही धावून आली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सकाळी, चौथ्या फेरीला काहीतरी वेगळं झालं. मी उभी होते तिकडे ती गजांवर आली, फूत्कारली. मामानं "होग" म्हटलं, मी पळाले. आणि वळणावरून मी मागे बघितलं, तर ती मामाकडे बघत होती. डोलत नव्हती. मामा खाली बसला. मुद्दे गजांच्या आत ओट्यावर ठेवलं आणि हात काढून घेतला. तिनं ते हुंगलं. मागे गेली. परत आली. खाल्लं, मध आणि गोळ्यांसकट.

मोठ्या डॉक्टरांना सांगायला मी धावतच गेले, या वेळी कुणी न सांगता. त्यांनी अजून थांबायचं कबूल केलं.

हातातून घ्यायला तिला आणखी पाच दिवस लागले. तोवर माझ्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या चालूच. गुडघे दुखायला लागले. नवरा म्हणायचा, "तू तिथे डॉक्टर आहेस की तमाशात?" पाचव्या दिवशी मामानं ओट्यावर ठेवायच्या ऐवजी मुद्दे हातातच धरलं. ती आली. ओठ पुढे काढून, नळीसारखे करून, तिनं ते त्याच्या तळहातावरून ओढून घेतलं. मग वळून गजांना पाठ टेकवून बसली. मामानं खराटा उचलला. मी लांब उभी होते, वळणापाशी, काठी हातात तशीच. थोड्या वेळानं तो भुंग्यासारखा आवाज ऐकू आला. मामाचा चेहरा मला तिथून दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि तो खाजवायचा मध्येच थांबून बाहीनं नाक पुसत होता.

त्या दुपारी टपरीवर तो आधीच येऊन बसला होता. मला बघून त्यानं दुकानदाराला दोन बोटं दाखवून बाय-टू सांगितलं. मी समोर बसले. कॉफी आली, त्यानं स्वतःच्या हातानं ती दोन पेल्यांत केली, माझ्याकडच्या पेल्यात जरा जास्तच. मला वाटलं आता विचारायला हरकत नाही. म्हणाले, "मामा, आता झालं ना? उद्यापासून मी आले नाही तरी चालेल?"

त्यानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "चालतंय कुठलं, डॉक्टरम्मा. रोज यायचं. तिला राग धरायला एक माणूस लागतंय. तो तुमच्यावर धरला तर माझ्या हातचं खाईल. तेवढं काम करा तुम्ही, कोट घालून. आणि माझे कपडे धुवायचे नाहीत."